लूप आलं, पण ते खरं होतं का? बेळगावच्या एका एमएस्सी प्रोजेक्टचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही गोष्ट बेळगावातल्या एका कॉलेजच्या फिजिक्स डिपार्टमेंटमधली आहे, नावं कुणाचीच देत नाही आणि काही तपशील मुद्दाम पुसलेत. एमएस्सीच्या शेवटच्या सेमिस्टरला दोघादोघांत एक प्रोजेक्ट असतो. ह्या जोडीत एक मुलगी खानापूर तालुक्यातली, रोज ये-जा करणारी, आणि एक मुलगा निपाणीकडचा, टिळकवाडीत खोली घेऊन राहिलेला. मी कॉलेजचा नाही. उद्यमबागेत मशीनची कंट्रोल पॅनल दुरुस्त करायचं माझं काम, फिजिक्स पदवीपर्यंत शिकलोय, आणि त्यांचे गाईड सर माझ्या जुन्या ओळखीचे म्हणून सर्किटच्या बाजूनं मदतीला मला बोलावलं होतं.

विषय सरांनी दिला, ऑप्टिकल बायस्टेबिलिटी. म्हणजे एकाच इनपुट प्रकाशाला आउटपुटच्या दोन वेगवेगळ्या पातळ्या आणि दोन्ही स्थिर, त्यातली कोणती मिळणार हे तुम्ही तिथं खालून चढत आलात की वरून उतरत आलात त्यावर ठरतं. सौंदत्तीच्या जत्रेत पत्र्याचा टिकटिक करणारा बेडूक मिळायचा बघा, दाबत गेलं की एका जोराला पत्रा टक्कन आत जातो, आणि सोडताना त्याच जोराला परत येत नाही, बराच जोर कमी झाल्यावर येतो. प्रकाशाचं तसंच. ग्राफ काढला की चढायची वाट वेगळी, उतरायची वेगळी, मधे एक लूप.

ह्याला दोन गोष्टी लागतात. एक, प्रकाश वाढला की पदार्थाचा गुणधर्म बदलला पाहिजे, म्हणजे नॉनलिनिअरिटी. दोन, बाहेर पडणाऱ्या प्रकाशानं परत त्या पदार्थावर परिणाम केला पाहिजे, म्हणजे फीडबॅक. सगळ्यात ओळखीची रचना फॅब्री-पेरो पोकळीची, समोरासमोर दोन आरसे आणि मधे नॉनलिनिअर पदार्थ. १९६९ मध्ये स्झोके आणि सहकाऱ्यांनी असं सुचवलं की पोकळीत सॅच्युरेट होणारा शोषक, म्हणजे प्रकाश वाढला की कमी शोषणारा पदार्थ, ठेवला तर हे घडेल. प्रत्यक्ष दिसलं १९७६ मध्ये, बेल लॅबमध्ये गिब्ज, मॅककॉल आणि वेंकटेशन यांनी सोडियमच्या वाफेत दाखवलं, आणि त्यात गंमत अशी की शोधायला गेले शोषणाचा परिणाम आणि मुख्य काम निघालं अपवर्तनांकाच्या बदलाचं. मुलांना हा भाग फार आवडला होता.

अडचण नेमकी काय होती

डिपार्टमेंटकडं साध्या प्रॅक्टिकलचं सामान होतं, लेसर पॉइंटर, पोलरॉइडच्या चकत्या, ऑसिलोस्कोप, बस्स. आर्गॉन लेसर नाही, क्रायोस्टॅट, म्हणजे नमुना अतिथंड ठेवायचं यंत्र, नाही. आणि सरांची अट एकच, सिम्युलेशन करून हात झटकायचे नाहीत, टेबलावर काहीतरी चालून दाखवायचं.

ही झाली दिसणारी अडचण. खरी अडचण नंतर आली आणि तिच्यासाठीच हे सगळं लिहितोय. सामान जुळलं, सर्किट चाललं, स्क्रीनवर छान लूपही आलं, आणि मग प्रश्न पडला की हे लूप बायस्टेबिलिटीचंच आहे कशावरून? रिपोर्टची तारीख जवळ, ग्राफ पुस्तकातल्यासारखा, आणि संशय मात्र जात नाही, अशा वेळी काय करायचं.

कोणते पर्याय तोलले

पहिला पर्याय अर्थातच खरीखुरी फॅब्री-पेरो, मधे काच. इथं सरांनी मुलांना आधी कागदावर हिशोब करायला लावला आणि ते फार चांगलं केलं. काचेचा, म्हणजे सिलिकाचा, नॉनलिनिअर अपवर्तनांक साधारण २.६ × १०⁻²⁰ चौरस मीटर प्रति वॉट. समजा १ मिलिमीटर जाडी आणि १०० फिनेस (रेझोनन्स किती अरुंद ते सांगणारा आकडा), तर रेझोनन्स, म्हणजे पोकळीतून प्रकाश सगळ्यात जास्त जातो ती जागा, स्वतःच्या रुंदीएवढा सरकायला ऑप्टिकल लांबीत साधारण ३ नॅनोमीटरचा फरक पडायला हवा. म्हणजे अपवर्तनांकात ३ × १०⁻⁶ बदल, आणि त्यासाठी तीव्रता लागते १०¹⁴ वॉट प्रति चौरस मीटरच्या घरात. आपला १ मिलिवॉटचा पॉइंटर १० मायक्रॉनच्या ठिपक्यावर आणला तरी मिळतात १०⁷. पोकळीच्या आत प्रकाश साठून वाढतो हे धरलं तरी काही लाख पटींनी कमी. विषय संपला. गिब्ज वगैरे लोक सोडियमच्या रेझोनन्सजवळ का गेले, १९७९ मध्ये गॅलियम आर्सेनाइड आणि इंडियम अँटिमोनाइडवर काम का झालं, हे मुलांना ह्या एका हिशोबातनं कळलं. नॉनलिनिअरिटी मोठी पाहिजे असेल तर शोषणाच्या कडेजवळ, म्हणजे पदार्थ प्रकाश शोषायला लागतो त्या तरंगलांबीजवळ, जावं लागतं, आणि तिथं गेलं की उष्णता आणि बाकीचे त्रास सोबत येतात.

दुसरा पर्याय उष्णतेचा. प्रकाश शोषला की फिल्म तापते, तापली की अपवर्तनांक बदलतो. झिंक सेलेनाइडच्या इंटरफेरन्स फिल्टरवर मिलिवॉटमध्ये असं दाखवलेलं आहे. पण तसला फिल्टर योग्य तरंगलांबीला जुळणारा मिळवायचा, वर खोलीचं तापमान हललं की रेझोनन्सही हलणार. सोडून दिला.

तिसरा हायब्रिड. १९७७ मध्ये स्मिथ आणि टर्नर यांनी हा मार्ग दाखवला, पदार्थाची स्वतःची नॉनलिनिअरिटी कमी पडते ना, मग आउटपुटचा थोडा प्रकाश डिटेक्टरवर घ्यायचा, सिग्नल वाढवायचा आणि तो व्होल्टेज म्हणून इलेक्ट्रो-ऑप्टिक क्रिस्टलला, म्हणजे व्होल्टेजनं अपवर्तनांक बदलणाऱ्या क्रिस्टलला, द्यायचा. कितीही कमी प्रकाशावर चालतं, कारण ताकद अ‍ॅम्प्लिफायर पुरवतो. पुढं आरसेसुद्धा काढून टाकता येतात हे लोकांनी दाखवलं, नुसता मॉड्युलेटर, म्हणजे व्होल्टेजनं प्रकाश कमीजास्त करणारा भाग, आणि फीडबॅक पुरतो. फक्त इलेक्ट्रो-ऑप्टिक मॉड्युलेटरची किंमत डिपार्टमेंटच्या आवाक्यातली नव्हती.

इथं मी एक सुचवलं. उद्यमबागेत वेल्डिंगची वर्कशॉप भरपूर, तिथं आपोआप काळे होणारे हेल्मेट वापरतात, आणि त्यांचं सर्किट गेलं की अख्खं हेल्मेट अडगळीत पडतं. काच मात्र चांगली असते. ती काच म्हणजे पोलरायझर, लिक्विड क्रिस्टल सेल, परत पोलरायझर अशी रचना, व्होल्टेज नसताना उजळ आणि दिलं की काळी. शेड म्हणजे काच किती काळी त्याचा आकडा, शेड ४ ला साधारण ५ टक्के प्रकाश जातो, शेड ११ ला ०.००५ टक्के, म्हणजे हजार पटींचा फरक, आणि तो तीन-चार व्होल्टच्या आत. मॉड्युलेटर म्हणून ह्याच्यापेक्षा स्वस्त काय मिळणार. ओळखीच्या एका वर्कशॉपवाल्या काकांनी दोन काचा अशाच दिल्या.

चौथा पर्याय, नुसतं सिम्युलेशन, राखून ठेवला होता. त्याची वेळ आली नाही, पण समीकरणं सोडवायचं काम मुलीनं आधीच करून ठेवलं आणि ते पुढं फार उपयोगी पडलं.

काय केलं

लेसरपासून सुरुवात. लाल पॉइंटर चालेना कारण हेल्मेटच्या काचेवरचं कोटिंग हिरव्याभोवती प्रकाश सोडतं, लाल बराचसा अडतो. नेहमीचा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा पॉइंटर घेतला तर त्याची पॉवर सारखी वरखाली व्हायची, कारण तो आतून इन्फ्रारेड लेसरची फ्रिक्वेन्सी दुप्पट करून हिरवा बनवतो आणि तापमानाला फार नाजूक असतो. शेवटी ५२० नॅनोमीटरचं डायरेक्ट डायोड मॉड्यूल मागवलं. तापायला वेळ दिला की स्थिर.

लिक्विड क्रिस्टलला डीसी द्यायचं नसतं, आतले आयन एका बाजूला जमा होतात आणि सेल खराब होतो, शिवाय त्या आयनांमुळं स्वतःचं वेगळंच हिस्टेरेसिस, म्हणजे जाताना-येताना वेगळी वाट, तयार होतं. म्हणून साधारण १ किलोहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह, आणि तिची उंची फीडबॅकनं बदलायची. डिटेक्टर म्हणून बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड, पुढं ऑप-अ‍ॅम्प, म्हणजे सिग्नल वाढवणारी चिप, आणि प्लस-मायनस व्होल्टेज आलटून पालटून द्यायला सीडी४०५३ स्विच. मेन्सचं व्होल्टेज इथं दुपारी फार नाचतं म्हणून १२ व्होल्टची बॅटरी आणि रेग्युलेटर. ट्यूबलाइटचं १०० हर्ट्झचं लुकलुकणं डिटेक्टरवर येत होतं, त्यावर काळ्या कार्डबोर्डचा बोगदा.

फीडबॅकची दिशा ही पहिली विचार करायची जागा. काच व्होल्टेज दिलं की काळी होते, त्यामुळं प्रकाश वाढला की व्होल्टेज वाढवायचं असं जोडलं तर निगेटिव्ह फीडबॅक होतो, आउटपुट नुसतं एका पातळीवर बांधलं जातं. आपल्याला उलटं पाहिजे, जास्त प्रकाश, कमी व्होल्टेज, आणखी जास्त प्रकाश. म्हणजे सेलचं व्होल्टेज = ठरवलेलं बायस (सुरुवातीचं स्थिर व्होल्टेज) वजा गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) गुणिले आउटपुट. मुलांनी हे कागदावर आखून घेतलं आणि मगच सोल्डरिंगला हात लावला, त्यामुळं ह्या टप्प्यावर वेळ अजिबात वाया गेला नाही.

इनपुट कमीजास्त करायला पोलरॉइड एका छोट्या गिअर मोटरवर बसवला, मोटरच्या शाफ्टला पॉट (फिरेल तसं व्होल्टेज बदलणारा रेझिस्टर), पॉटचं व्होल्टेज, म्हणजे कोन, स्कोपच्या एक्सवर, आउटपुट वायवर. मोटर पुढं-मागं फिरवली आणि स्क्रीनवर लूप आलं. एकदम सुंदर. खाली सपाट, मग चढ, वर सपाट, आणि येताना वेगळी वाट.

सर खुश झाले. "झालं की मग, आता रिपोर्ट लिहायला घ्या."

खानापूरची मुलगी मात्र गप्प होती, मग म्हणाली, "सर, मोटर हळू फिरवली की लूप बारीक व्हायलंय."

"बारीक झालं तरी आहे नव्हं?"

"आहे सर. पण पुस्तकात उडी आहे, इथं उडी दिसत नाही, नुसता उतार दिसायलाय."

माझ्या मते अख्ख्या प्रोजेक्टचा कणा हाच क्षण होता. ग्राफ हातात, तारीख जवळ, आणि विद्यार्थिनी म्हणतेय की मला हे पटत नाही. सरांनी तिला बोलू दिलं, आणि त्या दिवशी रिपोर्टचा विषय परत काढला नाही. एवढ्यासाठीच मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

लूप कुठून येत होतं

आता हे जरा सविस्तर सांगतो, कारण असं लूप कुणालाही फसवू शकतं.

लिक्विड क्रिस्टल हळू असतो. व्होल्टेज काढल्यावर रेणू परत आपल्या जागी यायला दहावीस ते पन्नासेक मिलिसेकंद लागतात, जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात, आणि थंडीत द्रव घट्ट झाला की आणखी वेळ. इनपुट भराभर फिरवलं तर आउटपुट मागं पडतं, चढताना एका बाजूला आणि उतरताना दुसऱ्या बाजूला, आणि ग्राफवर लूप उमटतं. कुठलाही संथ डिटेक्टर, संथ सेल, संथ काहीही असलं की हे होणार, बायस्टेबिलिटी असो नसो. त्याची खूण म्हणजे वेग कमी केला की लूप मिटत जातं. खऱ्या बायस्टेबिलिटीत वेग कमी केला तर रुंदी थोडी घटते पण एका ठरावीक रुंदीवर येऊन थांबते.

मग मोटर इतकी हळू केली की एक फेरी व्हायला काही मिनिटं लागावीत. लूप बारीक होत होत थांबलं, शून्य झालं नाही. निपाणीचा मुलगा म्हणाला, "म्हणजे उरलंय ते खरं, नव्हं काका?"

तर्क बरोबर वाटतो. पण मशीनवर रोज काम करणाऱ्याला गिअर दिसला की पहिला संशय ढिलाईचा येतो. मोटर उलटी फिरवली की आधी गिअरमधली मोकळी जागा भरते, तोवर पोलरॉइड जागेवरच असतो, पॉट मात्र फिरलेला असतो. ह्याला बॅकलॅश म्हणतात आणि हे वेगावर अवलंबून नसतं, कितीही हळू फिरवा, तेवढंच राहणार. म्हणजे हळू फिरवायच्या परीक्षेत हे खोटं लूप पास होतं.

मी म्हटलं, फीडबॅकची वायर काढा आणि सेलला एक ठरावीक व्होल्टेज देऊन फिरवा. फीडबॅकच नाही तर बायस्टेबिलिटी असूच शकत नाही. वायर काढली, फिरवलं, लूप तसंच्या तसं. दोघं बराच वेळ स्क्रीनकडं बघत बसले.

एक वायर काढायची आणि परत तेच करायचं, एवढी स्वस्त परीक्षा. मी तर म्हणेन हायब्रिड डिव्हाइसवर काम करणाऱ्या कुणीही ही पहिल्या दिवशी करावी.

पुढचे निर्णय

पहिला बदल, एक्स अक्षावर कोन ठेवायचा नाही, खरोखर मोजलेलं इनपुट ठेवायचं. सेलच्या आधी तिरकी काचेची स्लाइड लावून थोडा प्रकाश दुसऱ्या फोटोडायोडवर घेतला. इथं अजून एक खाच होती. फिरणाऱ्या पोलरॉइडमधून येणाऱ्या प्रकाशाचं पोलरायझेशनही फिरतं, आणि तिरक्या काचेवरून किती परावर्तन होणार हे पोलरायझेशनवर अवलंबून असतं, म्हणजे मोजमाप परत चुकणार. उपाय सोपा, फिरणाऱ्या पोलरॉइडनंतर एक स्थिर पोलरॉइड, त्यानंतर स्लाइड. आता स्लाइडवर नेहमी एकाच पोलरायझेशनचा प्रकाश पडतो. लेसर डायोड स्वतःही पोलराइज्ड असतो, त्यामुळं तीव्रता कोसाइनच्या चौथ्या घातानं बदलते, पण इनपुट थेट मोजतोय म्हटल्यावर त्याची चिंता उरली नाही.

हे केल्यावर फीडबॅक नसताना ग्राफ एक सरळ रेघ झाला, जाताना-येताना एकच. आणि फीडबॅक जोडल्यावर हळू फिरवलं तरी तीच अवस्था, एक वाकडी रेघ, लूप नाही. म्हणजे आतापर्यंत बायस्टेबिलिटी नव्हतीच.

तेव्हा मुलीचं गणित कामाला आलं. काचेचा प्रकाश-विरुद्ध-व्होल्टेज असा वक्र मोजायचा. त्याच कागदावर व्होल्टेजच्या अक्षावर बायसच्या बिंदूपासून एक सरळ रेघ काढायची, तिचा उतार इनपुट आणि गेनच्या गुणाकारावर ठरतो. रेघ वक्राला जिथं छेदते ती डिव्हाइसची अवस्था. इनपुट वाढवलं की रेघ बायसच्या बिंदूभोवती फिरत आडवी होत जाते. एका ठिकाणी छेदली तर एकच अवस्था, तीन ठिकाणी छेदली तर बायस्टेबल, त्यातली मधली अस्थिर. तीन छेद मिळायला रेघ वक्राच्या सगळ्यात तीव्र भागापेक्षा कमी उताराची पाहिजे, म्हणजे इनपुट, गेन आणि वक्राचा उतार यांचा गुणाकार कुठंतरी १ च्या वर गेला पाहिजे. आमचा जातच नव्हता. फोटोडायोडच्या अ‍ॅम्प्लिफायरमधला रेझिस्टर १० किलोओहमचा होता, हेल्मेटच्या काचेतून येणाऱ्या मायक्रोवॉटमधल्या प्रकाशाला तो फारच कमी. तो १०० किलोओहमचा केला.

तरी लगेच आलं नाही. बायस कुठं ठेवायचं ही सगळ्यात नाजूक गोष्ट निघाली. बायस फार जास्त ठेवलं तर काच इतकी काळी की वर उडी मारायला लागणारं इनपुट आपल्या लेसरकडं नाहीच. फार कमी ठेवलं तर काच आधीच अर्धी उघडी, उडी मारायला जागा नाही. मधे एक पट्टा आहे. फॅब्री-पेरोमध्ये हीच भूमिका डिट्यूनिंग करतं, म्हणजे लेसर रेझोनन्सपासून किती दूर ठेवायचा ते. केर पदार्थाच्या, म्हणजे तीव्रतेच्या प्रमाणात अपवर्तनांक बदलणाऱ्या पदार्थाच्या, पोकळीत ते रेझोनन्सच्या अर्ध्या रुंदीच्या √३ पटीपेक्षा जास्त लागतं, नाहीतर कितीही पॉवर ओता, लूप येत नाही. मुलीनं हे सिम्युलेशनमध्ये आधीच बघितलेलं, त्यामुळं बायसचा पॉट फिरवताना आपण काय शोधतोय हे तिला माहीत होतं. नुसतं पॉट फिरवत बसणं आणि हे कळून फिरवणं यात फार फरक आहे.

शेवटी काय झालं

संध्याकाळच्या वेळी पहिली खरी उडी दिसली. इनपुट हळूहळू चढतंय, आउटपुट जवळपास शून्य, आणि मग काच डोळ्यांना दिसेल अशी उघडली. उतरताना त्याच जागी बंद झाली नाही, बरंच खाली गेल्यावर झाली.

ह्या वेळी कुणी रिपोर्टचं नाव काढलं नाही. मुलानं मोटर बंद केली आणि इनपुट लूपच्या मधोमध आणून सोडून दिलं. काच काळी. मग डिटेक्टरवर टॉर्चचा क्षणभर उजेड मारला. काच उघडली, आणि टॉर्च काढला तरी उघडीच राहिली. चहा पिऊन आलो, उघडीच. मग लेसरच्या वाटेत कार्ड धरून काढलं, काळी झाली, आणि काळीच राहिली. इनपुट तेवढंच, अवस्था दोन, दोन्ही टिकणाऱ्या. ह्या परीक्षेत ना वेग येतो ना गिअर, ना एक्स अक्ष. बायस्टेबिलिटीची व्याख्याच टेबलावर करून बघणं म्हणा.

अजून एक गोष्ट त्यांना आपोआप मिळाली. इनपुट उडीच्या जागेच्या अगदी जवळ आणून थांबवलं तर काच लगेच उघडायची नाही, एखाद-दोन सेकंद रेंगाळायची, मग उघडायची. सेलचा स्वतःचा वेळ मिलिसेकंदांत असताना सेकंद कशाला? हे क्रिटिकल स्लोइंग डाउन, उडीच्या काठावर ढकलणारं बळ जवळपास शून्य होतं म्हणून सगळं मंदावतं. मुलाला आधी वाटलं सर्किटमध्ये दोष आहे. सरांनी समजावल्यावर त्यानं वेगवेगळ्या अंतरावर किती वेळ लागतो ते मोजून काढलं, आणि माझ्या मते रिपोर्टमधला तोच सगळ्यात चांगला ग्राफ.

व्हायवात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमका अवघड प्रश्न विचारला, ही बायस्टेबिलिटी प्रकाशाची की तुमच्या सर्किटची, कारण ऑप-अ‍ॅम्पचा श्मिट ट्रिगर, म्हणजे दोन वेगळ्या व्होल्टेजला चालू-बंद होणारं सर्किट, तोही असंच लूप देतो. मुलांकडं उत्तर होतं. त्यांनी सर्किट वेगळं काढून इनपुटला व्होल्टेज देऊन तपासलं होतं, ते सरळ रेषेत वागतं, लूप नाही. काच वेगळी तपासली होती, लूप नाही. दोन्ही जोडून प्रकाशाचं चक्र पूर्ण केलं की लूप. दोन अवस्था त्या चक्राच्या आहेत. परीक्षकांनी पुढं विचारलं की अशा दोन अवस्था स्विच म्हणून वापरून करायच्या ऑप्टिकल कॉम्प्युटरचं काय झालं, तेव्हा मुलीनं सांगितलं की एका स्विचला लागणारी ऊर्जा, उष्णता आणि एकाचं आउटपुट दुसऱ्याला पुरेल अशी साखळी करणं, ह्यात ती वाट अडली. १९८४ च्या सुमारास बेल लॅबमध्ये डेव्हिड मिलर आणि सहकाऱ्यांनी केलेली सीड नावाची डिव्हाइसं हायब्रिडचाच विचार क्वांटम वेलमध्ये, म्हणजे अर्धवाहकाच्या अतिपातळ थरांत, घेऊन गेली, आणि २००४ मध्ये कॉर्नेलच्या अल्मेडा आणि लिप्सन यांनी सिलिकॉनच्या सूक्ष्म रिंगमध्ये चिपवर बायस्टेबिलिटी दाखवली, उष्णतेच्या जोरावर. म्हणजे विषय जिवंत आहे. मार्क चांगले मिळाले, पण मला ती उत्तरं देतानाचा दोघांचा आवाज जास्त लक्षात राहिलाय.

परत करायचं झालं तर

क्रम उलटा करता आला असता. टॉर्च आणि कार्डची परीक्षा करायला मोटर लागत नाही, पॉट लागत नाही, ग्राफसुद्धा लागत नाही, पोलरॉइड हातानं फिरवूनही होते. ती आधी केली असती तर गिअरच्या भानगडीत शिरावंच लागलं नसतं. लूपचा ग्राफ पुस्तकात मोठा छापलेला असतो म्हणून सगळे आधी तोच काढायला जातात, हे समजण्यासारखं आहे.

काचेचा वक्र आणि त्यावरची रेघ हे सोल्डरिंगच्या आधी झालं पाहिजे. फीडबॅकची दिशा कागदावर ठरवली तसा गेनही कागदावर ठरला असता, दहा पट कमी पडतोय हे तिथंच दिसलं असतं.

तापमानाची नोंद कुणी ठेवली नाही. बेळगावात हिवाळ्याच्या सकाळी आणि दुपारी खोलीत चांगलाच फरक पडतो, आणि उडीच्या जागा दुपारी थोड्या सरकायच्या. लिक्विड क्रिस्टलचा थ्रेशोल्ड तापमानाबरोबर बदलतो हे माहीत असून आकडे नसल्यामुळं रिपोर्टमध्ये त्यावर दोनच ओळी लिहिता आल्या. एक साधा थर्मामीटर काचेशेजारी चिकटवला असता तरी पुरलं असतं.

आणि सरांनी तारखेच्या दबावाखाली पहिलाच ग्राफ पुढं रेटला असता तर? कुणाच्या लक्षातही आलं नसतं बहुतेक, ग्राफ तसा देखणा होता. म्हणून माझं सरांना म्हणणं असं की प्रोजेक्टच्या वेळापत्रकातच "हे खोटं कशामुळं दिसू शकतं" ह्यासाठी एक आठवडा लिहून ठेवावा, विद्यार्थ्याच्या धिटाईवर सोडू नये. ही मुलगी बोलली, प्रत्येक जण बोलेल असं नाही. सरांना ते पटलंय.

पुढच्या बॅचसाठी तीच काच, तेच टेबल ठेवलंय. फीडबॅकमध्ये मायक्रोकंट्रोलरनं मुद्दाम उशीर घालायचा आणि इकेडा यांनी १९७९ मध्ये सांगितलेली अस्थिरता दिसते का बघायचं, आधी आउटपुट दोन पातळ्यांत आळीपाळीनं, मग चार, मग अनियमित. त्यासाठी उशीर सेलच्या स्वतःच्या वेळेपेक्षा बराच जास्त लागेल, म्हणजे निदान अर्धा सेकंद, आणि तेवढा उशीर साध्या बोर्डच्या मेमरीत आरामात बसतो.